मनाला गेज लावून बघितलं: पीएचक्यू-९, डब्ल्यूएचओ-५ आणि एक ॲप, दीड वर्ष वापरून

पीएचक्यू-९ आणि डब्ल्यूएचओ-५ म्हणजे मन कसं आहे ते आकड्यांत मोजायचे प्रश्नांचे फॉर्म. स्टार द्यायचेच म्हटलं तर डब्ल्यूएचओ-५ हातानं भरायच्या माझ्या वहीला साडेचार, पीएचक्यू-९ ला चार आणि ॲपला एक, तो एक पण इन्स्टॉल पटकन झालं म्हणून. आता कारणं सांगतो, थोडं लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी डॉक्टर नव्हे. बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर आहे, सोळा वर्षं झाली, जॉब (कापायचा सुटा भाग) लावायचा, काढायचा, मोजायचा, परत लावायचा. दिवसातनं शंभर वेळा हातात मायक्रोमीटर असतो. त्यामुळं हे फॉर्म मला दिले तेव्हा मी त्यांच्याकडं तसंच बघितलं, मोजायचं साधन, गेज म्हणून. कुठं बरोबर मोजतं, कुठं फसवतं, आणि ज्याच्या हातात आहे तो कसा फसवतो.

मागच्या वर्षी पावसाळ्यात माझं बिघडलं. रात्री अडीचला जाग आली की पुढं डोळ्याला डोळा नाही, पोरीनं साधं काही विचारलं तरी खेकसायचो, आणि एकदा मशीनमध्ये ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, टाकताना प्लसच्या जागी मायनस मारला, बारा जॉब भंगारात. सोळा वर्षांत असं कधी केलं नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, एकदा दाखवून या." कुणाला दाखवायचं ते दोघांनाही कळत होतं पण तोंडानं बोलणार कोण. आमच्या बेळगावात असला विषय निघाला की "धारवाडला धाडा ह्याला" असं हसत म्हणायची पद्धत आहे, तिथलं मेंटल हॉस्पिटल इंग्रजांच्या काळातलं, आता त्याचं डिमहान्स होऊन मोठी संस्था झाली, गल्लीत जोक मात्र तोच चाललाय.

पहिल्यांदा जिथं गेलो त्या जागेचं नाव घेत नाही. फॉर्म होता तिथं, कन्नड आणि इंग्रजीत. मी मराठी शाळेतला. कन्नड बोलतो, बसची पाटी वाचतो, सुपरवायझरशी दिवसभर कन्नडच चालतं, पण 'हताश' असला शब्द कन्नडात लिहिलेला असला तर कळणार कसा. मग तिथला माणूस बाहेर बाकड्यावरच मोठ्यानं वाचून दाखवायला लागला. "जीव नकोसा वाटतो काय? कधी कधी की रोज?" शेजारी आमच्या गल्लीतल्या काकू बीपीची गोळी न्यायला बसलेल्या. मी सगळ्याला नाही म्हणालो. टोटल शून्य. कागदावर माझ्यासारखा सुखी माणूस त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यात नसंल. ह्यात फॉर्मचा दोष नाही म्हणा, गेज चांगलं होतं पण ग्रीस पुसल्याशिवायच लावलं.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी मराठी फॉर्म दिला (पीएचक्यूची मराठी, कन्नड दोन्ही भाषांतरं नेटवर फुकट मिळतात, परवानगी पण लागत नाही, हे नंतर कळलं) आणि आत एकट्याला बसवलं. "कुणी बघणार नाही, मी बघणार फक्त, आणि मला खूश करायला लिहू नका," एवढंच म्हणाले. ते स्वतः घरी कन्नड बोलणारे, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध.

पीएचक्यू-९ म्हणजे नऊ प्रश्न, सगळे मागच्या दोन आठवड्यांबद्दल. कशात रस वाटत नाही, उदास वाटतं, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा नुसती चुळबुळ, आणि नववा तो, जीव नकोसा वाटण्याचा. प्रत्येकाला ० ते ३, अजिबात नाही पासून जवळजवळ रोज पर्यंत. टोटल २७. ५ च्या पुढं सौम्य, १० ला मध्यम, १५ ला बऱ्यापैकी, २० ला तीव्र. स्पिट्झर, विल्यम्स आणि क्रोंके ह्या तिघांनी अमेरिकेत हे तयार केलं, २००१ ला ह्याच्यावरचा पेपर आला, आणि पैसा फायझर ह्या औषध कंपनीच्या ग्रँटमधनं आला होता, हे ऐकून मी जरा भुवई वर केली, पण जगभर वापरतात आणि फुकट आहे म्हटल्यावर गप्प बसलो. माझी टोटल १६ आली.

१६ बघून मला वाटलं आता चिठ्ठीवर काहीतरी मोठं नाव लिहिणार. डॉक्टर म्हणाले ह्या कागदावरनं निदान होत नसतं, हा कागद नुसतं सांगतो की नीट बघायला पाहिजे. आधी थायरॉइड आणि रक्त तपासायला लावलं, कारण थकवा आणि झोप बाकीच्या आजारात पण बिघडते. म्हणजे आमच्याकडचं गो-नोगो गेज, जॉब बसतो की नाही एवढंच बघणारं. जॉब अडकला एवढं कळतं, का अडकला ते गेज सांगत नाही, ते तुम्ही शोधायचं.

आता पीएचक्यूच्या तक्रारी. झोपेच्या प्रश्नात झोप न लागणं आणि जास्त झोपणं दोन्ही एकत्र घातलंय. मला सुरुवातीला झोप यायची नाही, २ लिहिलं. गोळी सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे ढोरासारखा झोपायचो, परत २. माणूस उलटा झाला आणि आकडा जागचा हलला नाही! भुकेचं पण तसंच, कमी आणि जास्त एकाच खणात. आणि शिफ्टवाल्याला झोपेचा प्रश्न विचारणं म्हणजे मासे विकणाऱ्याला हाताला वास येतो का विचारणं. नाइट असलेल्या पंधरवड्यात माझा तिथं कायम २, मन चांगलं असू दे नाही तर वाईट. लक्ष लागण्याच्या प्रश्नात पेपर वाचणं, टीव्ही बघणं असं उदाहरण दिलंय, तर मी तरुण भारत हातात घेतला की आधी निधन वार्ता मग क्रिकेट, बाकी पानं बरा असताना पण वाचत नाही. मग माझ्यापुरतं ठरवलं की ह्या प्रश्नाला ड्रॉइंग वाचताना लक्ष लागतं का ते धरायचं, आणि एकदा धरलं की परत बदलायचं नाही. बदललं तर मागचा आकडा आणि पुढचा आकडा एका पट्टीवर राहत नाही.

शब्दांचं एक आहेच. फॉर्ममधली मराठी शुद्ध आहे, पण आपल्याकडं "उदास वाटतंय" असं कोण म्हणतं? माझी आई म्हणायची जीव लागंना, छातीत कसंतरी हुतंय, अंगात रग नाही. माणूस अंगावरनं सांगतो. त्यामुळं थकवा-झोपेला धडाधड २-३ पडतात आणि उदास ह्या शब्दाला शून्य, कारण तो शब्द आपला वाटतच नाही.

नवव्या प्रश्नाबद्दल. दुसऱ्या खेपेला मी तिथं १ लिहिला होता. लिहिताना हात थांबला, पण लिहिला. डॉक्टरनी टोटल बघितलीच नाही आधी, डायरेक्ट तिथंच बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं कधी वाटलं, किती वेळ, त्या वेळी घरात कोण होतं. दहा मिनिटं त्याच्यावरच बोललो. पहिल्यांदाच कुणाशी तरी बोललो ते. बाहेर आल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. म्हणून सांगतो, तुम्ही घरी एकटे हा फॉर्म भरत असाल आणि नवव्याला शून्य सोडून काहीही येत असेल तर टोटल किती ती बघत बसू नका, त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगा, डॉक्टरकडं जा, नाही तर १४४१६ ला फोन लावा. टेलि-मानस, सरकारी आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत पण बोलता येतं. मी एकदा रात्री लावलाय.

पुढं १६ चे ११ झाले, मग ७, दिवाळीनंतर ४. डॉक्टरांच्या हिशेबात ५ चा फरक पडला तर खरा फरक म्हणायचा, एक-दोननं हललं तर ते वाऱ्यानं हलल्यासारखं. जीएडी-७ पण भरायला लावायचे, तो काळजीचा, सात प्रश्न, टोटल २१. माझा तो मुख्य त्रास नव्हता म्हणून जास्त लिहीत नाही.

मधल्या काळात ॲप. नाव नको, असली पन्नास आहेत. रोज रात्री नऊला टिंग करायचं, "आज कसं वाटतंय", पाच चेहरे. पंधरा दिवस बरं वाटलं. पण दोन आठवड्यांचे प्रश्न पण ते रोज विचारायला लागलं, आता मला सांगा, काल दोन आठवडे कसे गेले आणि आज दोन आठवडे कसे गेले ह्यात काय डोंबलाचा फरक असणार? महिन्यानं ग्राफ बघायला गेलो तर कुलूप, पैसे भरा. माझंच मन, मीच भरलेलं, आणि बघायला पैसे. वर एकदा सेकंड शिफ्ट करून दमून आलो, दोन-तीन उत्तरं वाईट दिली तर अख्खी स्क्रीन लाल. रात्री साडेअकराला एकट्या माणसाला लाल स्क्रीन दाखवतात होय? पुढं काय करायचं ते एका ओळीनं पण सांगितलं नाही. शिवाय साइन-अपला मोबाइल नंबर, जन्मतारीख सगळं घेतलेलं, ते कुठं जातं देव जाणे. काढून टाकलं.

हे डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी डब्ल्यूएचओ-५ काढला. पाचच प्रश्न, आणि सगळे चांगल्या बाजूचे. प्रसन्न होतो का, शांत निवांत होतो का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठताना ताजंतवानं वाटलं का, आणि रोजच्या दिवसात आवडीच्या गोष्टी होत्या का. परत दोनच आठवड्यांचं, पण ० ते ५. बेरीज २५ पर्यंत, तिला ४ नं गुणायचं म्हणजे १०० पैकी मार्क. जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) युरोपातल्या ऑफिसनं १९९८ ला काढलेला. ५० च्या खाली गेलं तर दाखवून यायचं, आणि १० मार्कांचा फरक पडला तर तो खरा धरायचा. इथं मला मोजणाऱ्याच्या नजरेनं एक दिसलं: लीस्ट काउंट, म्हणजे साधनाला मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ४. सगळे आकडे चारच्या पाढ्यातलेच येणार, म्हणजे १० चा फरक प्रत्यक्षात १२ चाच. उगीच ६४ चे ६० झाले म्हणून तोंड पाडून बसायचं कारण नाही.

आणि ह्याचा मोठा फायदा म्हणजे बरं असताना पण भरावासा वाटतो. पीएचक्यूमध्ये बरं असलं की नुसती शून्यं लिहायची, कंटाळा येतो, आणि मेलेल्या मनाचे प्रश्न चांगल्या दिवशी कोण वाचत बसेल. इथं सणासुदीला ८० पण येतात.

मग गणपत गल्लीतनं दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर पाच प्रश्न हातानं लिहिले, पुढं रकाने. शेवटचा रकाना मोठा ठेवला, त्यात एक ओळ, ह्या पंधरवड्यात काय झालं. 'ओटी (ओव्हरटाइम) फार.' 'सासऱ्यांचं ऑपरेशन.' 'पोरीचं गॅदरिंग.' 'ताप.' डॉक्टर म्हणतात आकड्यापेक्षा तो रकाना ते आधी वाचतात.

चुका पण केल्या. पहिल्यांदा एक आड रविवारी दुपारी भरायचो. मटण-भाकरी खाऊन, वाऱ्यावर पडून. रविवारी दुपारी माणसाला मागचे चौदा दिवस सोन्याचे वाटतात! सलग तीन खेपा ७२ च्या वर. बायको म्हणाली, "रविवारचं काय लिहिताय, सोमवारी सकाळी सातला लिहा बघू." सोमवार म्हणजे दुसरं टोक, म्हणून बुधवार ठरवला, एक आड बुधवारी जेवायच्या आधी. दुसरं, मागची उत्तरं समोर दिसली की हात आपोआप तेच आकडे टाकतो. आमच्याकडं नवीन पोरं असंच करतात, इन्स्पेक्शन शीटवर वरच्या ओळीचं रीडिंग खाली उतरवतात, न मोजता. मी आता मागच्या ओळींवर जुना कॅलेंडरचा पुठ्ठा ठेवतो, भरून झालं की काढतो.

आता मेन गोष्ट, ज्याच्यासाठी साडेचार स्टार दिले.

ह्या वर्षी जूनमध्ये परत खाली आलो. बेळगावचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, एकदा लागला की आठ-आठ दिवस सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, घरात कुबट वास, संध्याकाळी पाचला लाइट लावायची. मागच्या वर्षी पण पावसातच बिघडलं होतं. त्यामुळं मी, बायको, मित्र, सगळ्यांचं एकमत, ह्याला पाऊस लागतो. एक मित्र तर म्हणाला, "तू पावसाळ्यात चार महिने विजापूरला जाऊन ऱ्हा की बे." मी देवाशपथ कुणालाही सांगितलं असतं की पाऊस सुरू झाला आणि मी पडलो.

वही उघडली. एप्रिलच्या सुरुवातीला ६८. एप्रिल संपताना ६०. मे मधल्या बुधवारी ५२. मे संपताना ४४. पावसाचा तोवर पत्ता नाही, उन्हानं डांबर वितळत होतं.

मला दरवेळी का कळलं नाही? कारण दरवेळी फरक ८ चा. १० च्या आतला. मी म्हणत होतो हे वाऱ्यानं हलतंय. आणि हीच चूक मी मशीनवर कधी केली नसती. इन्सर्ट, म्हणजे कापायच्या हत्याराची धार, झिजायला लागलं की साइज एकदम उडत नाही, प्रत्येक जॉब लिमिटमध्येच असतो, मागच्यापेक्षा पाच मायक्रॉन इकडं, पुढचा अजून पाच. एक एक जॉब बघणाऱ्याला सगळं ओके दिसतं. चार्टवर ठिपके जोडणाऱ्याला कळतं की रेघ एकाच बाजूला चाललीय. मी शिकाऊ पोरांना हे दर महिन्याला सांगतो, आणि माझ्या वहीत तोच चार्ट असून मी एक एक जॉब बघत बसलो होतो. उलट आधीच्या सप्टेंबरात व्हायरल ताप आला होता तेव्हा एकदम ३६ आले होते, घरात सगळे घाबरले, पुढच्या खेपेला परत वर. एक जॉब बिघडला म्हणून कुणी मशीन खोलत नाही.

मग शेवटचा रकाना वाचला. एप्रिलच्या दुसऱ्या ओळीत लिहिलेलं, 'सेकंड शिफ्ट लागली, गुरुवारचं भजन बंद.' एवढंच. आमच्या वडगावात गुरुवारी रात्री भजन असतं, मी पखवाज वाजवतो, चांगला नाही, पण वाजवतो. पंधरा वर्षांत चुकलं नसेल. सेकंड शिफ्ट साडेअकराला सुटते, तोवर आरती होऊन प्रसाद वाटून लोक घरी. मला ते एवढं मोठं वाटलंच नव्हतं, पगार तोच, काम तेच, नुसतं एक भजन. पाच प्रश्नांतला शेवटचा, आवडीच्या गोष्टींचा, त्याचा आकडा सगळ्यात आधी पडला होता. ४, ३, २, १. झोपेचा नंतर पडला. क्रम वहीतच होता.

वही घेऊन डॉक्टरकडं गेलो, त्यांनी पीएचक्यू भरून घेतला, ११. गोळीचं त्यांनी काय ते ठरवलं. मी सुपरवायझरना गाठून गुरुवारची शिफ्ट एका पोराबरोबर बदलून घेतली, त्याला फर्स्ट नकोच होती. आता कुणी म्हणेल भजनानं डिप्रेशन बरं होतं असं हा सांगतोय, तर नाही बाबा, तसं म्हणत नाही, गोळी पण होती, मे-जूनची ओटी पण संपली होती, कशानं किती झालं ते ह्या वहीवरनं निघत नाही. ऑगस्टात ६०, गणपतीनंतर ६४. पाऊस तोवर धो धो चालूच होता.

आमच्या कंपनीनं पण मध्ये असाच एक सर्व्हे काढला. वेलनेस म्हणून. फॉर्म हाच, पीएचक्यूचे प्रश्न, वर टोकन नंबर (कामगाराचा कंपनीतला नंबर) आणि डिपार्टमेंट लिहायचं! टोकन नंबर लिहून कोण लिहिणार की माझं कामात लक्ष लागत नाही? सगळ्या शॉपनं शून्य भरलं. एचआरनं नोटीस बोर्डावर लावलं, आपले कामगार आनंदी आहेत. कॅन्टीनमध्ये दोन दिवस तोच विनोद. मी काही बोललो नाही, कारण मी पण शून्यच भरला होता.

वडिलांना पण एकदा भरायला बसवलं. यंत्रमागावर आयुष्य गेलं त्यांचं, आता ऐकायला कमी येतं. मी प्रश्न ओरडून विचारतोय आणि ते म्हणतात, "काय विचारुलास ते एकदा सरळ विचार की, जेवलो काय म्हणून?" ताजंतवानं उठता का ह्याला म्हणाले पंच्याहत्तरीत कोण ताजं उठतं, घाल शून्य. आवडीच्या गोष्टीला मात्र पाच, रोज कपिलेश्वरला जाऊन येतो म्हणाले. वयस्कर माणसाला अंगाच्या प्रश्नांत मार्क जातात, ते मनाचे नव्हेत, त्यामुळं टोटल बघून घाबरू नका. आणि मोठ्यानं विचारायचं असेल तर दार लावून विचारा, आमच्या शेजाऱ्यांना बाबांचा स्कोअर पाठ आहे.

खर्चाचं विचाराल तर वही साठ रुपये, पीएचक्यूचं झेरॉक्स दोन रुपये पान. वेळ मोजून तीन मिनिटं, शेवटची ओळ लिहायला कधी कधी दहा. ॲपनं वर्षाला किती मागितले होते ते लिहीत नाही, बायको पण हे वाचते.

कुणाला वहीच्या पानाचा फोटो पाहिजे असेल तर कोऱ्या पानाचा पाठवतो, भरलेल्या पानाचा मागू नका. आणि पीएचक्यू घ्यायचा तर छापील मराठी भाषांतरच घ्या, माझ्यासारखं हातानं उतरवू नका, मी उतरवताना एक प्रश्न गाळला होता आणि दोन महिने आठच प्रश्नांची टोटल घेऊन खूश होतो.